भूगोल आणि पुरातत्त्व : जोडीनं शिकण्याचे विषय
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



पोरानं बी. ए. ला भूगोल घेतला की घरात विचारतात, "नकाशे काढून पोट भरणार काय?" त्यात पुढं पुरातत्त्व करतो म्हणाला, तर आई कपाळाला हात लावते. प्रश्न खोटा नाही. त्याकडं येतोच. आधी आपल्या गावाचं बघू.

पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी आपण रोज बघतो. १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. सातवाहनकाळातील विटांची घरे निघाली. तिथेच मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. आता सांगा, समुद्राचा देव सह्याद्री ओलांडून इथं आला कसा? मूर्ती कुणाची, कोणत्या काळातली, हे पुरातत्त्व सांगते. कोकणातील बंदर, घाटवाट आणि नदीचे खोरे यांचा माग भूगोल काढतो. आणि वस्ती उंचवट्यावरच का, हे २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

याच कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकात स्तूपातील दगडी करंडक सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीत दान देणारा बम्ह आणि काम करवून घेणारा धम्मगुत्त, अशी दोन नावे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची, बरं का! अक्षरे वाचली की नावे कळतात. पण स्तूप इथेच का, जोतिबाच्या डोंगराजवळची पोहाळ्याची लेणी आणि कराडची लेणी कोणत्या वाटांवर होती, यासाठी नकाशा उघडावाच लागतो.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळात शेतकऱ्यांची वस्ती होती. पुराचे पाणी वळवायला त्यांनी बांध घातला, पाट काढला. पुढे चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, शेती खालावली. हवामान कोरडे झाल्याचे अभ्यासक सांगतात. नुसती खापरे मोजून हे उमगले नसते; नदीचा गाळ वाचणारी माणसेही लागली.

आता पोटाचं. पुरातत्त्व खात्यातील जागा थोड्या असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु संगणकावर नकाशा करणाऱ्याला पाणी, रस्ते, नगररचना या कामांतही विचारतात. म्हणून आपल्या शिवाजी विद्यापीठातून भूगोलाची पदवी घ्यावी आणि मग डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे एम. ए. करावे, असे माझे मत आहे.

उत्खननाला गेले की कित्येक आठवडे तंबूत राहावे लागते. मुलीला पाठवायचे का, यावर घरात खल होईल. आयांनो, पाठवा. ब्राह्मी वाचायला शिकून आली, तर टाऊन हॉलमध्ये पहिल्यांदा तुम्हालाच घेऊन जाईल.