रोज एक रेखाटन

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



पालक शाळेत येतात तेव्हा गणित-इंग्रजीची चौकशी होते. चित्रकलेचा विषय निघाला की दोन वाक्ये ठरलेली. एक, “सर, आमच्या मुलाच्या हातात ती कला नाही.” दुसरे, “चित्रं काढून पोट भरतं का?”

पहिल्या वाक्याचा विचार करू. चित्र हाताच्या आधी डोळ्याने काढायचे असते. घरातला बधना मुलापुढे ठेवा. तो त्याचे तोंड पूर्ण गोल काढील, कारण ते गोल आहे हे त्याला ठाऊक आहे. प्रत्यक्षात बसल्या जागेवरून ते लंबगोल दिसते, आणि बधना डोळ्याच्या पातळीवर धरला तर नुसती आडवी रेघ उरते. ठाऊक आहे ते नव्हे, तर दिसते ते काढणे, ही या विद्येची पहिली पायरी. ती सवयीने चढता येते.

विद्यार्थी मित्रांनो, सवय अशी लावा. एक साधी वही, एक पेन्सिल आणि रोजची पंधरा मिनिटे. खोडरबर दूर ठेवा; चुकलेल्या रेघेशेजारीच दुसरी रेघ काढा, म्हणजे चूक किती होती ते कळते. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीने वस्तूची उंची-रुंदी ताडून पाहा. कपाचा कान जमत नसेल तर कानाच्या आतली मोकळी जागा काढा, कान आपोआप साधेल. पानावर तारीख घाला. महिन्याने तीच वस्तू पुन्हा काढा आणि दोन्ही पाने शेजारी ठेवा. तुमचा निकाल तुम्हीच वाचाल.

वयाची सबब नको. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी, चित्रकार होण्याचे ठरविले. छापील नमुने समोर ठेवून त्यांनी पुन्हा पुन्हा गिरविले. पुढच्या दहा वर्षांत त्यांच्या हातून हजाराच्या आसपास रेखाटने झाली.

आता पोटाचा प्रश्न. १९१५ साली पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरीत होते. पुढे त्यांचे नाव जगभर झाले. प्रत्येक मूल हुसेन होणार नाही, हे मान्य. पण सुतार, गवंडी, शिंपी, जरीकाम करणारा कारागीर, यांपैकी कोणाचे काम आकृतीवाचून चालते? जीवशास्त्रातील हृदयाची आकृती, भूगोलातील नकाशा, वास्तुशास्त्राचा आराखडा, सगळीकडे हाच डोळा आणि हाच हात उपयोगी पडतो. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षाही आपल्या मुलामुलींना खुल्या आहेत.

काही घरांत सजीवांची चित्रे काढणे पसंत नसते. त्या भावनेचा मान राखूनही शिकता येते. भांडी, कमानी, जाळीची नक्षी, सुलेखन यांत आयुष्यभर पुरेल इतके काम आहे.

पालकहो, माझे मागणे थोडे आहे. मूल वहीत रेघा ओढताना दिसले तर “अभ्यास कर” म्हणून वही हिसकावू नका. शेजारी बसा, आणि “आज काय पाहिलंस?” एवढेच विचारा.