घरात आलेला बाजार



आठवडी बाजार पाहिला नाही असा माणूस आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. त्या बाजाराच्या कडेला पूर्वी गारुडी बसे. आधी डमरू, मग पुंगी, मग टोपलीचे झाकण जरासे उचलायचे आणि पुन्हा ठेवायचे. "आता साप-मुंगसाची लढाई लागणार!" असे तो दर पाच मिनिटांनी सांगे. गर्दी दाटली, पोरे पुढे सरसावली, की गडी हळूच पिशवीत हात घाली आणि बाहेर काढी दंतमंजन, नाहीतर ताईत. लढाई काही लागत नसे. माणसे मात्र दंतमंजन घेऊन घरी जात.

त्याच बाजारात कासारही बसे. तोही बोलका. माहेरची चौकशी करी, थट्टा करी, बाया हसत. पण बोलता बोलता त्याची बोटे हाताचे माप घेत असत. बांगडी हातात चढेपर्यंत फुटली, तर ते नुकसान त्याचे. गिऱ्हाइकाकडून त्या बांगडीचा पैसा तो घेत नसे.

करमणूक दोघेही करीत. मग फरक कोठे? गारुड्याची करमणूक माल झाकण्यासाठी होती. कासाराची करमणूक माल नीट बसावा म्हणून होती. आजच्या भाषणात मला सांगायचे आहे ते एवढेच. पण ते आता बाजारापुरते राहिलेले नाही, कारण बाजारच आपल्या घरात आला आहे.

तो कसा आला, ते पाहा. गंमत अशी, की दूरचित्रवाणीवरच्या या दुकानाचा जन्म रेडिओवर झाला! १९७७ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका लहान नभोवाणी केंद्राला एका जाहिरातदाराने पैशांऐवजी डबे उघडण्याची ११२ यंत्रे दिली. निवेदकाने ती बोलता बोलता श्रोत्यांना विकायला काढली आणि ती खपली. पुढे १९८२ मध्ये त्याच कल्पनेवर केबलवर खरेदीची वाहिनी निघाली आणि १९८५ मध्ये ती देशभर दिसू लागली. आपल्याकडे १९६७ च्या नोव्हेंबरात विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या. १९७६ पासून त्या दूरदर्शनवर आल्या. २००८ मध्ये चोवीस तास फक्त विक्री करणारी वाहिनी भारतात निघाली. आता तोच प्रकार मोबाइलवरही चालतो.

जुन्या जाहिरातीत आणि यात एक मोठा फरक आहे. जाहिरात अर्ध्या मिनिटात संपते आणि ती जाहिरात आहे हे आपल्याला कळते. येथे जाहिरात हाच कार्यक्रम. निवेदिका घरच्या माणसासारखी बोलते, सासू-सुनेचे विनोद करते, फोनवर कोणी ताई येऊन आपला अनुभव सांगते. कोपऱ्यात घड्याळ उलटे चालत असते. "थोडेच नग उरले!" अशी पाटी लुकलुकते. पाहणाऱ्याला वाटते, आपण कार्यक्रम पाहतो आहोत. पण हात फोनकडे गेलेला असतो.

आमच्या शेजारच्या एका वहिनींची गोष्ट सांगतो. त्यांनी असाच एक मिक्सर मागवला. पडद्यावर त्यात बर्फ फुटत होता, मसाला दळला जात होता, नि हशा पिकत होता. वहिनींच्या मनात होते, सणाच्या वड्यांची डाळ पाट्यावर वाटायचा त्रास वाचेल. कापसाचे पैसे हाती आले होते, त्यातून त्यांनी तो घेतला. पहिल्याच सणाला डाळीचा तिसरा घाणा घातला, यंत्र तापले, जळका वास आला आणि ते बंद पडले. सोबतचा कागद इंग्रजीत होता. त्यात लिहिले होते, की यंत्र सलग दोन मिनिटेच चालवावे, मग थंड होऊ द्यावे. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, मले त्यानं सगळं सांगतलं. पन किती मिनटं चालवा लागते, तेवढंच सांगतलं नाही."

श्रोतेहो, वहिनींच्या या वाक्यात सारे आले. ते यंत्र कदाचित वाईट नसेलही. थोडी चटणी, थोडे कूट करायला ते चालले असते. पण ज्या घरात ते जाणार, त्या घराला लागणारी माहिती अर्ध्या तासाच्या गप्पांत एकदाही आली नाही. मोटर किती वॅटची, भांडे केवढे, बिघडल्यास दुरुस्ती कोठे, परत घेणार की नाही, हे सांगायला दोन मिनिटे पुरली असती.

म्हणून काय करमणूक वाईट म्हणायची? मुळीच नाही. नुसती वजने आणि किमती वाचून दाखवल्या, तर कोण ऐकत बसेल? आकाशवाणीच्या शेतकरी कार्यक्रमातही दोन पात्रे गप्पा मारतात आणि त्या गप्पांतून बियाणे, खत, फवारणी सांगतात. दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं'ने हेच केले. गोडीने सांगितले की ते मनात राहते. नियम इतकाच, की किंमत, माप आणि परतीची अट सांगण्याची वेळ आली की डमरू थांबला पाहिजे. साडी दाखवताना तिचे सूत कोणते, लांबी किती, ब्लाउजपीस त्यात धरला की वेगळा, हे हसतखेळत सांगणारा विक्रेता खरा. त्याचे गिऱ्हाईक पुन्हा येते. गारुड्याला दर आठवड्याला नवे गाव शोधावे लागते.

कायदाही आता याच बाजूचा आहे. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनुसार जाहिरात ही कार्यक्रमाहून वेगळी ओळखू आली पाहिजे. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, दावा ज्या भाषेत केला, त्याच भाषेत त्याची अटही दिली पाहिजे. मराठीत गोड बोलायचे आणि अट इंग्रजीत बारीक अक्षरांत टाकायची, हे चालणार नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यामुळे ग्राहक जेथे राहतो, तेथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विकणारा मुंबईचा असो की दिल्लीचा, तुम्ही बुलढाण्याला अर्ज करू शकता. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर त्याला फीही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. मात्र बिल आणि खोक्यावरचा कागद जपून ठेवावा. शक्य असेल, तर पार्सल उघडतानाच मोबाइलवर चित्रण करून ठेवावे.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. आपल्या शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका शिक्षकाने दूरचित्रवाणीवर विकल्या जाणाऱ्या चमत्कारी 'यंत्रां'विरुद्ध उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे दाद मागितली. जानेवारी २०२१ मध्ये निकाल लागला. दैवी शक्तीचा दावा करून अशा वस्तू विकण्याच्या जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बेकायदा ठरल्या आणि त्या महाराष्ट्रात दिसू नयेत, असे सरकारला बजावण्यात आले. एका शिक्षकाने केवढे काम केले पाहा!

प्रत्येकाने न्यायालयात जावे, असे मी म्हणत नाही. वर्गात एक लहानसा प्रयोग करावा. मुलांना सांगा, घरी असा विक्रीचा कार्यक्रम पंधरा मिनिटे पाहा आणि वहीत दोन रकाने आखा. एकात करमणुकीची वाक्ये, दुसऱ्यात माहितीची. 'सुंदर', 'जबरदस्त', 'फक्त आजच' ही पहिल्या रकान्यात. वजन, माप, वॅट, मुदत, परतीची अट ही दुसऱ्यात. दुसऱ्या दिवशी रकाने मोजा. मग मुलांनाच विचारा, हा गारुडी की कासार? मुले घरी जाऊन आईला ते सांगतील, आणि आईचा फोनकडे गेलेला हात क्षणभर थांबेल. तेवढा क्षण पुरे.

गप्पा ऐका, हसा, मन रमवा. पण पैसे देण्याआधी विचारा, "माप घेतले का?" आमच्या वहिनी आता हेच विचारतात. परवा एकाने फोनवर उत्तर दिले नाही, तर त्यांनी फोन ठेवून दिला आणि पाटा-वरवंटा धुऊन काढला.