खेळाडूचा ‘सर’ होतो तेव्हा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)

 

मला दिलेला विषय आहे ‘युवक आणि क्रीडा’. विषय मोठा आहे. मी त्यातला एकच प्रश्न घेतो: खेळणारा मुलगा पुढे काय करतो?

आपल्या बमरोलीत याचं उत्तर ठरलेलं असतं. दहावी-बारावीपर्यंत खेळू द्यायचं, मग ‘आता पुरे, कामाला लाग’. लूमवर बारा तासांची पाळी, नाहीतर डाइंग मिल, नाहीतर कापड मार्केट. यात आईवडिलांची चूक नाही, घर चालवायचं असतं. पण त्या मुलाने सात-आठ वर्षांत जे कमावलं, शिस्त, दम, दहा जणांना बरोबर घेऊन खेळण्याची सवय, ते सगळं वाया जातं. गल्लीतल्या लहान पोरांपर्यंत त्यातलं काहीच पोहोचत नाही.

खेळणं संपलं की शिकवणं सुरू करायचं, असाही एक रस्ता आहे. त्याचं उदाहरण फार लांबचं नाही. आपल्यातल्या अनेकांची गावं जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. गावी जाताना ज्या ताप्ती लाइनने आपण भुसावळला उतरतो, तिथून तसंच पुढे गेलं की नागपूर येतं.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे हे क्रीडा शिक्षक होते. एकदा पावसात आडोशाला उभे असताना त्यांना झोपडपट्टीतली मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. सरांनी त्यांना चेंडू दिला. पुढे २००१ साली त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठीच फुटबॉलची स्पर्धा भरवली, आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. निवृत्तीचे पैसे त्यांनी याच कामाला लावले. अमेरिकेत गेलेला मुलगा अभिजित परत येऊन या कामाला लागला. २०१६ साली संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा ‘झुंड’ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. अमिताभ बच्चन यांनी त्यात केलेली भूमिका बारसे सरांवरच बेतलेली आहे.

सिनेमा बारसे सरांचा आहे. मला आज सांगायचं आहे ते त्यांच्या एका मुलाबद्दल, अखिलेश पॉलबद्दल. नागपूरच्या वस्तीत वाढलेला हा मुलगा लहान वयातच वाईट मार्गाला लागला होता, गुन्ह्यांत अडकला होता. हे त्याने स्वतःच २०१४ साली ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमात देशासमोर सांगितलं. फुटबॉलच्या ओढीने तो मैदानावर आला आणि टिकला. २०१० साली ब्राझीलमधल्या रिओ येथे बेघरांची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा तो भारतीय संघाचा कर्णधार होता.

त्या स्पर्धेचा एक नियम ऐकण्यासारखा आहे. कोणत्याही खेळाडूला त्यात आयुष्यात एकदाच खेळता येतं. कितीही चांगला खेळ, पुढच्या वर्षी जागा दुसऱ्याची. म्हणजे विसाव्या-बाविसाव्या वर्षी मुलगा देशाचा झेंडा छातीवर लावून परत येतो आणि दुसऱ्या दिवशी तो ‘माजी खेळाडू’ झालेला असतो! आता त्याने काय करायचं? अखिलेशने संस्थेत राहून वस्तीतल्या मुलांना शिकवायला घेतलं. तो प्रशिक्षक झाला.

हा बदल दिसतो तितका सोपा नाही. खेळाडू आपले गोल मोजतो. प्रशिक्षकाला हजेरी मोजावी लागते. आज कोण आलं नाही? का आलं नाही? घरी भांडण झालं, की शाळा सुटली, की कुणी कामाला लावलं? खेळाडूने चेंडू चांगला मारला की त्याचं काम झालं. प्रशिक्षकाला तोच चेंडू दहा वर्षांच्या पोराला पन्नास वेळा मारायला लावायचा असतो आणि एकदाही चिडायचं नसतं. अशा वेळी जो स्वतः वाकड्या वाटेने जाऊन परत आलेला असतो, त्याचं मुलं ऐकतात. नुसता उपदेश करणाऱ्याचं ऐकत नाहीत.

मोठ्या फुटबॉलमध्येही हेच दिसतं. खालिद जमील २००९ साली मुंबई एफसीत खेळाडूचे प्रशिक्षक झाले. २०१७ साली त्यांनी मिझोरमच्या छोट्याशा आयझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. प्रशिक्षकांच्या परवान्यांची शिडी आहे: डी, सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. सगळे वरपर्यंत जात नाहीत. पण गल्लीतल्या पोरांना नीट शिकवायला खालची पायरीही बरीच झाली.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. यात लगेच पगार नाही. आईवडिलांनी ‘पोट कसं भरणार?’ असं विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. म्हणून मी म्हणतो, काम सोडू नका. पाळी सांभाळून आठवड्यातून तीन दिवस, एक-एक तास द्या.

जागा नाही, असं कुणी म्हणेल. बेघरांच्या विश्वचषकाचं मैदान फक्त २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. एका बाजूला गोलकीपर धरून चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. आपला मंडप उतरला की जवळपास एवढी जागा मोकळी होते. दहा दिवस जिथे आरती होते, तिथे उरलेलं वर्ष पोरं खेळली तर बाप्पाला आनंदच होईल.

मंडळाला माझ्या तीन विनंत्या आहेत. खेळलेली दोन मुलं निवडा आणि त्यांच्या पहिल्या परवान्याची फी यंदाच्या वर्गणीतून भरा. निवृत्त झालेल्या एका काकांनी रोज हजेरीची वही सांभाळावी, म्हणजे घरच्यांना भरवसा वाटेल. आणि मुलींसाठी वेगळा दिवस ठेवा. नागपूरच्या संस्थेनेही मुलींसाठी स्वतंत्र काम उभं केलं आहे.

मागे उभ्या असलेल्या पोरांनो, ढोल वाजवताना तुमचा दम मी पाहिला आहे. विसर्जनानंतर तो दम कुठे जातो, याचा विचार करा. तुमच्यापैकी एक जण जरी गल्लीतल्या पोरांचा ‘सर’ झाला, तरी यंदाचा उत्सव सार्थकी लागला असं मी समजेन.

गणपती बाप्पा मोरया!