पलंगाखालच्या चोवीस फुटांचं भाडं

(नालासोपारा येथे महिला संघाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज इथे निर्मळ, गास, उमराळ्याच्या ताई आहेत, तशाच तुळींज आणि आचोळ्याच्या चाळींतल्याही आहेत. कुणाच्या घराला ओटा आणि परस आहे, कुणाची एकच खोली आहे. पण "जागाच नाही हो" हे वाक्य मात्र सगळ्यांच्या तोंडी सारखंच. म्हणून आज आपण जागेचाच हिशोब मांडू. गटाची खातेवही लिहिता, तसाच हा हिशोब.

समजा, खोली दहा बाय बाराची. म्हणजे १२० चौरस फूट. भाडं समजा ६,००० रुपये. एका फुटाला ५० रुपये पडले. आता पलंग बघा. सहा बाय चारचा पलंग २४ फूट जागा अडवतो. म्हणजे खोलीचा पाचवा हिस्सा. महिन्याचं भाडं १,२०० रुपये, वर्षाचं १४,४००. आणि पलंगाखाली काय आहे? बंद पडलेला मिक्सर, तुटलेली छत्री, मुलाची लहानपणीची सायकल, कसली तरी वायर. दहा जणींचा गट शंभर-शंभर रुपये टाकतो तेव्हा महिन्याला हजार जमतात. त्याहून जास्त भाडं आपण भंगाराला राहायला देतो! स्वतःचं घर असलं तरी हिशोब तोच. ती जागा बांधायला पैसे लागलेच होते.

आपल्या आज्या ही चूक करत नव्हत्या. जुन्या घराची आठवण काढा. भिंतीत कोनाडा, त्यात दिवा. फडताळात लोणची-मसाले. दूध-दही शिंक्यावर, मांजराच्या उडीपलीकडे. मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर त्याहून लहान अशी उतरंड. धान्य कणगीत, सरपण माळ्यावर. मोरीचं पाणी जिथे जाई तिथे अळू आणि केळ. घर लहान होतं, पण प्रत्येक कोपऱ्याला काम होतं. आता कोनाडे गेले, भिंती सपाट झाल्या आणि सामान जमिनीवर आलं.

तर काय करायचं? आधी विकत काही आणू नका. डबे, रॅक, कपाट, काही नाही. आधी टेप घ्या, शिवणाची असली तरी चालेल. पलंगाखाली, माळ्यावर, जिन्याखाली, दारामागे, खिडकीत माप घ्या आणि वहीत लिहा. मग एकेका जागेतलं सामान बाहेर काढा आणि त्याचे चार ढीग करा. रोजचं, सणावाराचं, दुरुस्तीचं आणि भंगाराचं. दुरुस्तीच्या ढिगाला महिन्याची मुदत द्या. महिन्यात दुरुस्त झालं नाही, तर ते भंगारात. भंगाराचे जे पैसे येतील ते वेगळे ठेवा. पत्र्याचा डबा किंवा फळी घ्यायची असेल तर त्यातूनच घ्या.

एक सांभाळा. सासूबाईंची पेटी, नवऱ्याची हत्यारं, मुलीची वह्या-पुस्तकं त्यांना विचारल्याशिवाय हलवायची नाहीत. आपल्याला आपली जागा हवी, तशी त्यांनाही हवी. विचारून केलेली आवराआवर टिकते. न विचारता केली, तर घरात आठ दिवस अबोला.

आता कोणत्या जागेत काय? पलंगाखाली चाकाची किंवा ओढता येणारी पेटी, म्हणजे झाडू फिरतो आणि उंदीर घर करत नाही. माळ्यावर हलकं पण मोठं सामान, जसं की गाद्या, गणपतीची सजावट, पापड-कुरडयांची मोठी परात. जड पिंप माळ्यावर नको. दारामागे खिळ्यांची पट्टी. भिंतीवर डोक्याच्या उंचीवर एक लांब फळी.

काही जागा मात्र रिकाम्याच राहू द्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडर उभाच ठेवा, त्याच्याभोवती कपडे, रद्दी कोंबू नका आणि तिथली हवा खेळती ठेवा. मीटरच्या खाली सामान नको. इमारतीचा जिना सगळ्यांचा आहे. आग लागली तर पळायची वाट तीच, तिथे सायकली आणि पिंपं नकोत. पाण्याची पिंपं झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात.

आता पावसाळ्याचं. २०१८ च्या जुलैमध्ये नालासोपाऱ्यात रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडल्या, हे सगळ्यांना आठवतं. तळमजल्याच्या खोल्यांत पाणी शिरतं तेव्हा आधी पलंगाखालचं भिजतं. म्हणून पलंगाखाली कागद ठेवायचे नाहीत. रेशनकार्ड, आधार, घराचे कागद, मुलांचे दाखले, बँकेची पासबुकं, सगळं एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि भिंतीवरच्या सर्वांत उंच फळीवर ठेवा. घरातल्या प्रत्येकाला ती जागा माहीत हवी. पाणी शिरायला लागलं आणि हात कोरडे असून जमीनही कोरडी असेल, तर मेन स्विच बंद करा.

आणि गटाचं दप्तर? अध्यक्षा-सचिवांनो, हे तुमच्यासाठी. रोकडवही, बचत खातेवही, कर्ज खातेवही, इतिवृत्त, हे सगळं कुठे असतं? फ्रिजवर, टीव्हीमागे, कधी पलंगाखाली. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र म्हणजे लेखे अद्ययावत ठेवणं. वह्या भिजल्या तर बँकेला दाखवायचं काय? दहा जणींची वर्षांची परतफेड त्या शाईत आहे. गटाच्या दप्तराला एक पत्र्याची पेटी आणि घरातला एक ठरलेला उंच कोनाडा हवाच. ती सचिवाच्या घरची अडगळ नव्हे.

आता कमाईची गोष्ट. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या. ऐंशी रुपये उसने घेतले होते. त्या दिवशी त्यांनी पापडाची चार पाकिटं केली. तोच पुढे लिज्जत पापड झाला. त्यांच्याकडे कारखाना नव्हता. होती ती ऊन येणारी गच्ची. आजही त्या संस्थेच्या बहिणी पीठ घरी नेऊन पापड लाटतात. सांगायचं असं, की धंद्याला आधी मोठी जागा लागते असं नाही. ठरलेली जागा लागते.

शिलाईचं मशीन असेल, तर चार बाय तीन फूट जागा खिडकीजवळ काढा, उजेड डाव्या हाताकडून येईल अशी. हार-गजरे ओवत असाल, तर सावलीचा ओटा आणि ओलं फडकं पुरतं. पण ती जागा रोजची हवी. स्वयंपाकाचा पसारा आला की मशीन उचला, पाहुणे आले की फुलं उचला, असं झालं की काम मागे पडतं आणि घरातले म्हणतात, "ही काय, फावल्या वेळेतलं करते." जागा ठरली की काम दिसतं. काम दिसलं की त्याला मान मिळतो.

परस असेल तर ताईंनो, तुम्ही भाग्यवान. मोरीच्या पाण्याच्या वाटेवर अळू आणि केळ, कुंपणाला तोंडली, मांडवावर पडवळ नाहीतर शिराळं. चाळीतल्या बहिणींना खिडकीची जाळी आहे. चार-पाच तास ऊन येत असेल, तर फुटकी बादली, तेलाचा डबा चालतो. तळाला भोकं पाडा, खाली नारळाची सोडणं, वर माती आणि कुजलेलं खत. मेथी महिनाभरात खुडायला येते. फक्त जाळीवरचा डबा तारेने घट्ट बांधा, खाली माणसं चालतात.

सगळं एका दिवसात करू नका. पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने तीन गोष्टी वहीत लिहून आणा. घरातली एक पडीक जागा किती फुटांची निघाली, तिथे आता काय ठेवलं किंवा कोणतं काम सुरू केलं, आणि भंगाराचे किती रुपये आले. सचिवांनी गटाचं दप्तर कुठे ठेवलं तेही सांगायचं. मृग लागण्याआधी प्रत्येक गटाची पेटी उंचावर गेली पाहिजे, एवढं आज ठरवून उठूया.