नेच्यासारखे शेवाळ

तिकोन्याच्या दक्षिणेकडचे कोळवणचे खोरे तुम्ही पावसाळ्यात पाहिले असेल, तर त्याचे वर्णन मी करायला नको. भातखाचरे, धुके आणि डोंगराच्या पोटाशी एखादी गर्द राई. अशाच एका देवराईत, धोंड्याच्या सावलीच्या अंगाला, मला वाटले, बारीक नेचाच उगवला आहे. हात लावून पाहतो, तर शेवाळ!

वनस्पतिशास्त्रात याला थुइडियम म्हणतात. मी काही त्या विषयाचा नव्हे. पण महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्यांनी ते भिंगाखाली दाखविले. फांदीला उपफांदी, तिला आणखी बारीक फांदी, अशी हुबेहूब नेच्याच्या पानाची नक्षी. सारखेपणा मात्र एवढाच. नेच्याला खरी मुळे असतात, पाणी वाहून नेणाऱ्या शिरा असतात. या बिचाऱ्याजवळ त्यातले काहीच नाही. ते धोंड्याला नुसते धरून राहते आणि पाणी पिते ते अंगानेच. उन्हाळ्यात आक्रसून तपकिरी पडते. मेले म्हणावे, तर मृगाच्या सरींबरोबर पुन्हा हिरवे! त्याची नर-पेशीसुद्धा पाण्याच्या पातळ थरातून पोहतच स्त्री-पेशीकडे जाते. म्हणजे ओल नाही तर वंश नाही, आणि सावली नाही तर ओल टिकत नाही.

आता माझी चूक सांगतो. गणपतीच्या आराशीसाठी त्या धोंड्यावरचे टोपलीभर शेवाळ मी खरवडून आणले. वाटेत एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, राईतली वाळकी काटकीबी आमी न्हेत नाय." मी म्हणालो, "अहो आजोबा, शेवाळच हे! पुढल्या वर्षी येईल." आज चार पावसाळे झाले. धोंडा तेवढा उघडाच आहे. कडेने जेमतेम बोटभर हिरवे सरकले आहे.

डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७६ साली पश्चिम घाटातील देवरायांवर लेख लिहून त्यांचे मोल अभ्यासकांपुढे मांडले. आजोबांना ते न वाचताच ठाऊक होते. झाड तुटले तर निदान बुंधा तरी दिसतो. शेवाळ गेले तर कोण विचारतो? पण वरची सावली विरळ झाली, की आधी तेच जाते.

तेव्हा यंदा राईत गेलात तर जरा वाकून पाहा. सोबत भिंग जरूर न्या; टोपली मात्र घरीच राहू द्या.