आधी आधार, मग प्रश्न

(मालगुंड येथील व्याख्यानाचा सारांश)



केशवसुतांचा जन्म या मालगुंडात १८६६ साली झाला. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८६३ मध्ये, महात्मा फुले व सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. निराधार विधवांना तेथे गुप्तपणे बाळंत होता येई. अशाच एका काशीबाईंच्या पुत्राला, यशवंताला, त्या दांपत्याने दत्तक घेतले. पुढे तो डॉक्टर झाला.

आज नकळत दिवस गेलेल्या लेकीपुढे तीन वाटा असतात: अपत्याचे संगोपन, कायदेशीर दत्तकविधान किंवा १९७१ च्या कायद्याच्या मर्यादेत गर्भपात. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातास केवळ तिचीच संमती लागते. निर्णय तिचा आहे. तिला वेळेत डॉक्टरांकडे नेणे आणि निर्णय कोणताही असो, घराचे दार उघडे ठेवणे, हा आपला कुळाचार व्हावा.