उत्तर देणाऱ्याच्या हातात काय असते?



 जनसंपर्क व्यावसायिकांच्या या अधिवेशनाच्या आजच्या कार्यक्रमपत्रिकेत रील, अल्गोरिदम, इन्फ्लुएन्सर या सगळ्यांवर सत्रे आहेत. ती जरूर ऐका. संस्थेच्या हँडलवर रात्री साडेदहाला उत्तर टाइप करत बसलेल्या माणसावर मात्र एकही सत्र नाही. त्याच्याबद्दल मी बोलणार आहे.

हा माणूस आपल्याला चांगला ठाऊक आहे. वय तेवीस-चोवीस, नोकरी एजन्सीत, आणि एकाच वेळी तीन क्लायंट अंगावर. एखाद्या उपनगरात वीज गेलेली असते, लोक चिडून फोटो टाकत असतात. याच्या हातात एक साचा असतो: ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व, कृपया आपला ग्राहक क्रमांक डीएम करा.’ चौथ्यांदा तेच वाक्य चिकटवताना त्यालाही लाज वाटते. वेगळे काही लिहायचे तर मजकूर आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, तिथून मार्केटिंग, मग विधी विभाग, मग मोठे साहेब. साहेब झोपलेले असतात. तेवढ्यात आठवड्यापूर्वी वेळ लावून ठेवलेली दिव्यांच्या रांगेची दीपावली-शुभेच्छा आपोआप पोस्ट होते. पुढे काय होते ते सांगायला नको. ट्रोलांना दोष देऊन आपण मोकळे होतो.

आपल्या व्यवसायाचा इतिहास शिकवताना आयव्ही ली यांचे नाव हमखास येते. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली. पन्नासहून अधिक माणसे दगावली. अपघात झाकायचा, पत्रकारांना जवळ फिरकू द्यायचे नाही, हा तेव्हाच्या रेल्वे कंपन्यांचा रिवाज. कंपनीचे प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या ली यांनी माहिती लिहून वाटली आणि पत्रकारांना घटनास्थळी नेले. पहिली प्रेसनोट म्हणून आपण तिचे कौतुक करतो. मला कौतुक वाटते ते कंपनीने त्यांना हे करू दिले याचे. मालक ज्याचे ऐकत नाही, तो कितीही चांगले लिहू दे, तो फक्त लेखनिक.

नेस्लेच्या मॅगी नूडल्सचे प्रकरण तर आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत घेतलेल्या नमुन्यात मर्यादेपेक्षा जास्त शिसे आढळल्याचा अहवाल आला आणि २०१५च्या मे महिन्यात बातमी देशभर पेटली. आई-बाप विचारत होते ते अगदी साधे होते: काल पोराला दिले, आता काय करू? नेस्लेच्या खात्यांवरून उत्तरे येत होती, पण साच्यातली; उत्पादन सुरक्षित आहे, आम्ही अधिकाऱ्यांना सहकार्य करत आहोत, एवढाच मथितार्थ. कंपनीचे जागतिक प्रमुख पॉल बल्क दिल्लीत पत्रकारांसमोर बसले तो दिवस ५ जूनचा, आणि त्याच दिवशी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा बंदीचा आदेश निघाला. हजारो टन शेवया सिमेंटच्या भट्ट्यांत जाळाव्या लागल्या.

पुढचा भाग आपण विद्यार्थ्यांना कमी सांगतो. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती आणि तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाली नव्हती, असे न्यायालयाचे म्हणणे. नव्याने तीन प्रयोगशाळांत नमुने तपासले गेले, ते निर्दोष ठरले, आणि नोव्हेंबरात मॅगी दुकानांत परतली. म्हणजे सांगण्यासारखे कंपनीकडे होते. प्रयोगशाळेतला माणूस आणि खाते सांभाळणारा माणूस यांची मे महिन्यात गाठ पडली असती, तर निदान लोकांना आकडे तरी मिळाले असते. बंदी टळली असती असे मी म्हणत नाही.

आता उलट उदाहरण. कोकणातले सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना धावत्या गाडीतून कोणी ट्वीट करावे आणि पुढच्या स्टेशनावर बाळासाठी दूध किंवा आजाऱ्यासाठी डॉक्टर हजर व्हावा, अशा बातम्या आपण वाचल्या. यात शब्दांची करामत नव्हती. ट्वीट वाचणाऱ्याच्या मागे विभागीय कार्यालय आणि स्टेशनवरचा कर्मचारी उभा होता. पण ऑगस्ट २०१७मध्ये मुझफ्फरनगरजवळ खतौलीला उत्कल एक्स्प्रेस घसरली. रुळाचे काम चालू असलेल्या जागेवरून गाडी गेली होती. प्रभूंनी नैतिक जबाबदारी घेतली आणि सप्टेंबरात ते रेल्वे खाते सोडून गेले. उत्तम हँडलने दूध पोचते, रूळ दुरुस्त होत नाही. आपल्यापैकी जे क्लायंटला ‘प्रतिमा सुधारून देतो’ असे सांगून कंत्राट घेतात, त्यांनी हे वाक्य दरपत्रकाखाली छापावे.

मुंबई पोलिसांच्या विनोदी पोस्टची नक्कल तर आज नगरपालिकेपासून दूधसंघापर्यंत सगळे करतात. डिसेंबर २०१५मध्ये त्यांचे ट्विटर खाते सुरू झाले. २०२०च्या सुरुवातीचा त्यांचा सिग्नलचा व्हिडिओ आठवा: हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून. हसू आले, कारण रस्त्यावर खरेच यंत्र बसवले होते. नक्कल करणाऱ्यांकडे नुसता विनोद असतो.

पैसे देऊन हॅशटॅग चालवणे आणि पैसे घेतल्याचे न सांगता केलेली स्तुती, यावर फार वेळ घालवत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. कायदा पुरेसा स्पष्ट आहे. 

सरकारी संस्थांतल्या सहकाऱ्यांना एक आठवण. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ तुम्हाला स्वतःहून माहिती जाहीर करायला सांगते, २००५पासून. कुठली जलवाहिनी कधी बंद राहणार हे हँडलवर टाकायला कुणाच्या मेहरबानीची गरज नाही. साहेबांच्या वाढदिवसाचे फोटो त्या कलमात बसत नाहीत.

उद्या खुल्या अधिवेशनात ठराव मांडले जातील. माझी विनंती एकच आहे. समाजमाध्यमाचे काम घेताना करारात एक कलम घालून घ्या: रात्री-अपरात्री फोन उचलेल आणि खरी माहिती देईल अशा एका अधिकाऱ्याचे नाव, आणि ती माहिती मंजुरीची वाट न बघता लोकांना सांगण्याची मुभा. क्लायंट हे कलम खोडत असेल, तर ते काम घेऊ नका.